तायडे साहेबांचा सतरावा प्रश्न

तायडे साहेबांनी माझ्यावर केस केली आणि त्याच आठवड्यात ते माझ्याकडे बीपी मोजायला आले. नेहमीसारखं दारातूनच "जयभीम, डॉक्टर सायब" म्हणाले, स्टुलावर बसले, शर्टाची बाही तीन नीट घड्या घालून वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला. त्याच टेबलाच्या खणात जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस होती. 'पत्नीच्या आजाराचे निदान करण्यात निष्काळजीपणा व अक्षम्य विलंब' हे शब्द मी दोन दिवसांत इतक्या वेळा वाचले होते की ते मला पाठ झाले होते.

"साहेब, नोटीस मिळाली," मी कसंबसं म्हणालो.

"भेटली ना? म्हनजे पत्ता बरोबर होता." ते पाऱ्याकडे बघत होते. "आता आकडा सांगा."

"ठीक आहे बीपी."

"आकडा सांगा, डॉक्टर सायब. 'ठीक' हा आकडा नाई."

मी आकडा सांगितला. त्यांनी खिशातल्या छोट्या वहीत तो तारखेसह लिहिला, गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि गेले. बाहेर बाकावर सात-आठ पेशंट बसलेले होते. त्यांतल्या निम्म्यांना तरी केसची बातमी कळलेली असणार, कारण दर्यापूर काही फार मोठं गाव नाही. ते सगळे आधी तायडे साहेबांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मला राग यायला हवा होता, निदान भीती तरी वाटायला हवी होती. मला काय वाटलं ते आजही धड सांगता येत नाही. माझ्यासमोर बसलेला माणूस फिर्यादी होता की पेशंट, हेच मला कळेना.

तायडे साहेब भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. तालुक्यात त्यांना 'मोजणीवाले तायडे' म्हणत. उंच, हाडकुळे, उन्हात रापलेले. काळ्या मातीतून मैलोन् मैल चालल्यामुळे पावलं उचलून टाकायची सवय लागलेली, ती सिमेंटच्या रस्त्यावरही सुटली नव्हती. त्यांनी मोजलेली जमीन पुन्हा मोजायची वेळ आली नाही असं लोक सांगत. पैशाला शिवले नाहीत असंही सांगत, आणि थोडं वैतागून सांगत, कारण त्यामुळे त्यांच्याकडून कुणाचंच काम सोपं झालं नव्हतं. पोरगी एकच, ती अकोल्याला दिलेली. घरी ते आणि पुष्पाबाई, दोघंच.

पुष्पाबाई अंगणवाडी सेविका होत्या. मी त्यांना काकू म्हणायचो. हसऱ्या, बडबड्या आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायची वेळ आली की लगेच विषय बदलणाऱ्या. एका पावसाळ्यात त्या थकवा येतो म्हणून आल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्याही खाली. "पाहा ना डॉक्टर," त्या हसत म्हणाल्या, "मीच साऱ्या बायांले लोहाच्या गोळ्या वाटते अन् माह्याच अंगात रक्त नाई." आमच्या भागात बायकांच्या अंगात रक्त कमी असणं ही इतकी रोजची गोष्ट आहे की डॉक्टरचा हात आपोआप लोहाच्या गोळीकडे जातो. माझाही गेला. दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन वर आलं. मला बरं वाटलं, त्यांनाही बरं वाटलं. जानेवारीत ते पुन्हा खाली गेलं. मी गोळ्यांच्या जागी इंजेक्शनं सुरू केली. मार्चमध्ये त्या एकट्याच येऊन गेल्या. मे महिन्यात पोटात उजवीकडे दुखायला लागलं तेव्हा मी त्यांना अमरावतीला सोनोग्राफीसाठी पाठवलं, आणि तिथे मोठ्या आतड्यातली गाठ दिसली. कित्येक महिने त्या गाठीतून थेंब थेंब रक्त जात होतं, डोळ्यांना न दिसणारं. नागपूरला ऑपरेशन झालं, पण तोवर आजार यकृतापर्यंत पोचला होता. पुढच्या थंडीत पुष्पाबाई गेल्या.

मी विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. तायडे साहेबांनी मला पुढच्या सतरंजीवर बसवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं, ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं. त्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, "हिमोग्लोबिन दुसऱ्यांदा कमी झालं तेव्हाच दुर्बिणीतून तपासणी का नाही केली?" तायडे साहेबांकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधायला त्यांनी केस केली.

वकील त्यांनी लावला नाही. "वकील माह्या वतीनं बोलन, पन माह्यासारखं नाई बोलनार," असं ते म्हणत. आपली तक्रार त्यांनी स्वतः लिहिली आणि तिच्यासोबत एक नकाशा जोडला. नकाशाच म्हणायचा. मोजणीच्या कागदावर बारीक पेननं आखलेला. खाली महिने, उभ्या रेघेवर हिमोग्लोबिनचे आकडे, आणि माझ्या दवाखान्यातल्या प्रत्येक भेटीला एक क्रमांक. प्रत्येक क्रमांकापुढे त्या दिवशीच्या केसपेपरची झेरॉक्स. विमा कंपनीनं मला दिलेले अमरावतीचे वकील तो कागद बघून म्हणाले होते, "माणूस खवट दिसतो." मला तो खवट वाटला नाही. पुष्पाबाईंचं वर्षभराचं आजारपण मी स्वतःही एका कागदावर असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. तसं पाहिलं असतं तर जानेवारीतली ती खाली गेलेली रेघ मला दिसली असती. पण दवाखान्यात पेशंट तुकड्यातुकड्यांनी समोर येतो, एकेक दिवस, आणि त्या त्या दिवशी बाहेर आणखी चाळीस माणसं बसलेली असतात. हे कारण आहे की सबब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तारखांना मी गाडीनं अमरावतीला जायचो, ते एसटीनं. एकदा स्टँडवर उभे दिसले म्हणून मी गाडी थांबवली. "चला साहेब, एकाच ठिकाणी जायचं आहे." ते हसले नाहीत. "इरुद्ध पार्टीच्या गाडीत बसनं बरं दिसत नाई, डॉक्टर सायब. पाहनारे म्हनतीन, समझोता झाला." पुढच्या खेपेला माझी गाडी गॅरेजमध्ये होती. मी एसटीत चढलो तर ते खिडकीपाशी, शेजारची जागा रिकामी. मी उभाच राहिलो. त्यांनीच पिशवी मांडीवर घेतली. "बसा, बसा. एसटी सरकारची हाय."

त्या प्रवासात ते जमिनीबद्दलच बोलले. बाहेर कापसाची पऱ्हाटी संपून सोयाबीन लागलं की ते शेत कुणाचं आणि त्याची कुणाशी भांडणं, हे त्यांच्याकडे तयार होतं. मी विचारलं, इतक्या वर्षांत धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात खरा कोण आणि खोटा कोण हे कसं ओळखायचात?

"खोटा लय कमी वेळा भेटला," ते म्हणाले. "धुऱ्याच्या इकडचा बी खरं सांगते अन् तिकडचा बी खरं सांगते. दोघाईले आपापल्या बापानं दाखवलेला दगड आठवते. दगड मात्र मधात कवातरी सरकलेला असते. कोनं सरकवला, काहून सरकवला, ते कोनालेच मालूम नसते."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मोजाचो. अन् जथी मोजता येत नाई तथी लिहाचो, की मोजता आलं नाई."

अमरावतीला उतरल्यावर ते "चला, डॉक्टर सायब" म्हणाले आणि आयोगाच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत चालत आले. फाटकातून आत शिरताना मात्र चार पावलं मागे राहिले.

माझ्या बाजूनं जो लेखी जबाब गेला होता, त्यात एक वाक्य होतं. 'मार्च महिन्यातील भेटीत सामनेवाले डॉक्टरांनी रुग्णास दुर्बिणीद्वारे तपासणी करून घेण्याचा तोंडी सल्ला दिला होता.' या वाक्याचा जन्म वकिलांच्या ऑफिसात झाला. केसपेपर चाळता चाळता ते म्हणाले, "मार्चमध्ये तुम्ही काहीतरी सांगितलं असेलच ना, डॉक्टर? तोंडी?" आणि मला आठवलं. पुष्पाबाई पडद्यापाशी उभ्या आहेत, हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली आहे. मी म्हणतोय, काकू, एकदा अमरावतीला जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या. त्या हसतायत, "एवढ्याशा थकव्याले?" सगळं स्वच्छ आठवलं. केसपेपरवर मात्र तसं काहीच नव्हतं. इंजेक्शन, एक महिन्यानं परत, एवढंच माझ्या अक्षरात. मी जबाबावर सही केली.

त्यानंतर किती दिवस मी ती मेथीची जुडी तपासत राहिलो! ती मार्चमधली होती का? मार्चमध्ये मेथी असते का? असते. ती जुडी पुष्पाबाईंच्याच हातात होती की दुसऱ्या कुणाच्या? ते हसणं त्यांचंच होतं, यात शंका नाही, पण त्या तर प्रत्येक भेटीत हसायच्या. आणि वकिलांनी विचारायच्या आधी, पुष्पाबाई आजारी असताना, त्या गेल्या तेव्हा, विहारात पुढच्या सतरंजीवर बसलो असताना, हे मला एकदाही का आठवलं नव्हतं? सांगितलं असतं आणि त्यांनी ऐकलं नसतं, तर गाठ सापडली त्या दिवशी माझ्या तोंडून पहिलं वाक्य 'मी म्हटलं होतं ना' हेच निघालं नसतं का?

मग तायडे साहेबांची प्रश्नावली आली. आयोगात विरुद्ध बाजूला लेखी प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरं शपथेवर द्यावी लागतात. त्यांनी एकवीस प्रश्न काढले होते. सोळा प्रश्न तारखांचे, आकड्यांचे, औषधांचे. सतरावा असा होता: 'आपण माझ्या पत्नीस दुर्बिणीची तपासणी करण्यास सांगितले होते, हे आपणास आठवते काय? आठवत असल्यास होय म्हणावे. आठवत नसल्यास तसे म्हणावे.'

वकिलांनी उत्तराचा मसुदा पाठवला. सतराव्यापुढे 'होय'. मी चार दिवस तो कागद दवाखान्यात घेऊन जात होतो आणि तसाच परत आणत होतो. पाचव्या दिवशी फोन केला आणि म्हणालो, सतरावं उत्तर बदला. 'मला खात्रीने आठवत नाही' असं लिहा.

वकील म्हणाले, "डॉक्टर, जबाबात तुम्ही सल्ला दिला म्हणताय आणि आता आठवत नाही म्हणताय. मग मी तिथे उभं राहून काय बोलू?"

"तेही मला माहीत नाही," मी म्हणालो.

हे मी धैर्यानं केलं असं कुणी समजू नये. तो प्रश्न ज्या पद्धतीनं लिहिला होता, त्यात दोन्ही उत्तरांना सारखी जागा ठेवली होती, आणि 'होय' लिहायला माझा हात उचलला जात नव्हता, इतकंच. 'नाही, मी सांगितलं नव्हतं' असंही मला लिहिता आलं नसतं. कारण पडद्यापाशी उभ्या पुष्पाबाई मला अजूनही दिसत होत्या.

उत्तरं दाखल झाली. त्याच्या नंतरच्या आठवड्यात तायडे साहेब दुपारी आले, पेशंट संपल्यावर. हात टेबलावर ठेवला नाही. नुसते बसले.

"तुमचं सतरावं उत्तर वाचलं," ते म्हणाले. "मले वाटलं होतं तुमी 'होय' म्हनसान. मंग मले तुमाले खोटं पाडता आलं असतं."

मी समोरचे केसपेपर बाजूला सरकवले.

"आता एक गोठ मी सांगतो. कागदात नाई ते." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "तिनं मले एक डाव म्हटलं होतं, अमरावतीले येता का माह्यासंग, एक काम हाय. तवा मी विहाराच्या जागेची मोजनी करून राह्यलो होतो. मी म्हटलं, हे होऊ दे, मंग पाहू. तिनं 'काय काम' ते सांगतलं नाई. मी बी इचारलं नाई."

"हे केव्हा?"

"तेच तं नाई सापडून राह्यलं. मार्च असन. फेब्रुवारी बी असन. विहाराचं काम दोन महिने चाललं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "साऱ्या तारखा मांडल्या मी, डॉक्टर सायब. तुमच्या चुकीची एक बी तारीख सोडली नाई. अन् हे एकच तारीख मले आठवत नाई. ते तुमच्या तपासनीसाठी म्हनत होती का, का लुगडं घ्याचं होतं पोरीसाठी? सांगा ना. तुमाले काय वाटते?"

मला काय वाटत होतं? एका क्षणी वाटलं, मी सांगितलं होतं, म्हणजे मी सुटलो. त्याच क्षणी वाटलं, सांगून एवढंसंच सांगितलं, कागदावर लिहिलं नाही, नवऱ्याला बोलावलं नाही, मग ते कसलं सांगणं? आणि समोर बसलेल्या माणसाला 'हो, त्यासाठीच म्हणाल्या असतील' हे म्हणणं मला शक्य नव्हतं. ती चूक त्यांच्या पदरात टाकून मी घरी कसा गेलो असतो?

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. उठताना म्हणाले, "तुमच्या वकिलाले सांगाचं असन तं सांगजा. माही मनाई नाई."

मी सांगितलं नाही. एकदा फोन हातात घेतला होता, तो खाली ठेवला. त्यातही माझा चांगुलपणा किती आणि गोंधळ किती, ते मला वेगळं करता येणार नाही.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी तायडे साहेब उभे राहिले, नकाशावर बोट ठेवून प्रत्येक भेट समजावून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आता एक गोष्ट, जी माझ्या तक्रारीत नाही." आयोगासमोर ते पुस्तकी मराठी बोलायचे. त्यांनी अमरावतीला सोबत चला म्हणणाऱ्या पुष्पाबाईंची ती गोष्ट सांगितली. माझे वकील खुर्चीतून अर्धे उठले. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तायडे, हे तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं, कळतंय ना तुम्हाला?"

"हो साहेब. पण धुऱ्याच्या दोन्ही बाजू कागदावर आल्या पाहिजेत."

निकाल लागला. तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीनं कळवलं होतं की जानेवारीत तपासणी झाली असती तर निदान लवकर होऊ शकलं असतं, मात्र त्यामुळे रुग्ण वाचली असती असं निश्चित म्हणता येत नाही. आयोगानं जानेवारीनंतर पुढची तपासणी न करणं आणि कागदावर सल्ल्याची नोंद नसणं ही सेवेतली त्रुटी ठरवली. मृत्यूची जबाबदारी माझ्यावर टाकली नाही. भरपाई विमा कंपनीनं द्यायची होती. मी हरलो होतो, थोडासा. ते जिंकले होते, थोडेसे. बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघं उभे होतो आणि दोघांपैकी कुणालाच आनंद किंवा दुःख नेमकं कशाचं करायचं ते कळत नव्हतं.

"मी काय इचारलं होतं अन् त्याईनं काय देल्लं," ते निकालाची प्रत उलटसुलट करत म्हणाले. "यात ते कुठीसा लिहिलं हाय, डॉक्टर सायब? तिले तपासनीचं मालूम होतं का नाई, ते?"

त्यात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढे वर्षभर ते दर महिन्याला बीपीसाठी येत राहिले. पुष्पाबाईंचा विषय आम्ही काढला नाही. मग पोरीनं अकोल्याला बोलावून घेतलं. घर भाड्यानं देऊन जायच्या आदल्या दिवशी ते आले, स्वतःचे सगळे केसपेपर मागितले, पानं मोजून घेतली. एका पानावर माझं अक्षर लागत नव्हतं, ते मला वाचून दाखवायला लावलं आणि मी वाचलेलं वर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. "तथल्या डॉक्टरले कळलं पाह्यजे," म्हणाले. जाताना माझा हात हातात घेतला. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसतं "जयभीम" म्हणाले आणि पावलं उचलून टाकत स्टँडकडे गेले.

यंदा सोयाबीन निघाल्यावर एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, बसक्या आवाजाच्या. म्हणाल्या, मी तायडेची लहान बहीण, जवळच्याच खेड्यावर असते.

"साहेब कसे आहेत?" मी विचारलं.

"दादा गेला ना. महिना झाला. झोपेतच गेला, अकोल्याले."

त्या पुढे बोलत राहिल्या. दोन महिन्यांपासून त्यांचा आवाज बसला होता, खोकल्याच्या औषधानं सुटत नव्हता. "दादाले फोनवर ऐकू आलं तवा तोच म्हने, दर्यापूरच्या डॉक्टरले दाखव. मी म्हटलं, ज्याच्यावर तू केस केली त्याले? पागल झाला का?"

"मग काय म्हणाले?"

"म्हने, हाव, त्यालेच. त्याले मालूम नसलं तं तो मालूम नाई म्हनते."

हे कौतुक होतं की अजून न मिटलेली तक्रार? ज्यांना विचारता आलं असतं ते महिन्यापूर्वीच गेले होते. मी बाईंचा घसा पाहिला, मान चाचपली. काही सापडलं नाही, आणि न सापडल्यामुळे समाधानही झालं नाही.

"बाई, तुम्हाला काय झालंय ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "अमरावतीला जाऊन आतून तपासणी करावी लागेल. मी चिठ्ठी लिहून देतो. सोबत कोण आलंय?"

"मालक हाय बाहेर. काहून?"

मी उठलो, पडदा बाजूला केला आणि बाकावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला आत बोलावलं.